'गिव्ह मी' चालतं, मग 'एक्सप्लेन मी' का नाही?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलीने वहीत 'प्लीज एक्सप्लेन मी धिस सम' लिहिलं, टीचरनी त्यावर लाल फुली मारली आणि त्याच पानावरचं 'प्लीज गिव्ह मी युअर पेन' मात्र बरोबर दिलं. मराठीत दोन्हीकडे 'मला'च आहे, मला पेन दे, मला गणित समजावून सांग, मग एकाला टू हवा आणि दुसऱ्याला नको हे ठरवतं कोण? (मराठीतला मी आणि इंग्लिशमधला 'मी' यांचा घोळ नको म्हणून इंग्लिशमधला अवतरणात टाकतोय.)

टीचर बरोबर आहेत, 'एक्सप्लेन धिस सम टू मी' हेच हवं. पण नुसतं 'टू लाव' सांगून मुलीचं समाधान होणार नाही आणि होऊही नये, कारण तिचा तर्क अगदी चोख आहे, फक्त तो मराठीचा तर्क आहे.

मराठीत 'ला' शब्दालाच चिकटलेला असतो. मला पेन दे, पेन दे मला, दे मला पेन, कसंही फिरवा, ला त्या शब्दाबरोबरच फिरतो आणि कोणाला द्यायचंय ते कळतं, आणि दे असो, सांग असो, समजाव असो, सुचव असो, क्रियापद कुठलं आहे याने काही अडत नाही. इंग्लिशमध्ये तो ला शब्दात नाहीये, जागेत आहे. क्रियापदाच्या लगेच पुढे एक खुर्ची आहे असं समजा, तिच्यावर माणूस बसवला आणि त्याच्यापुढे वस्तू ठेवली की त्या माणसाला आपोआप ला मिळतो: 'शो हिम द हाउस', 'टीच हर मॅथ्स', 'टेल मी द ट्रुथ'. मेख इथे आहे की ही खुर्ची सगळी क्रियापदं देत नाहीत. गिव्ह, शो, टेल, सेंड, लेंड, टीच, ब्रिंग, बाय ही देतात. एक्सप्लेन देत नाही, एक्सप्लेनच्या पुढे जे बसेल तेच उलगडून सांगायचं असतं, त्यामुळे 'एक्सप्लेन मी' म्हटलं की समजावून सांगायची गोष्ट मीच होऊन बसतो.

आणि हे असं का झालं ते मला खरंच सांगावंसं वाटतं, कारण एकेकाळी इंग्लिशमध्येही आपल्यासारखा ला होता! नवव्या शतकात ओहथेरे नावाचा एक नॉर्वेचा दर्यावर्दी इंग्लंडमधल्या आल्फ्रेड राजाकडे आला होता, त्याने राजाला आपल्या प्रवासाची हकीकत सांगितली आणि ती जुन्या इंग्लिशमध्ये लिहून ठेवलेली आहे. सुरुवात साधारण अशी वाचली जाते, 'ओहथेरे सॅडे हिस ह्लाफोर्दे, अ‍ॅल्फ्रेदे क्युनिंगे', म्हणजे ओहथेरेने आपल्या धन्याला, आल्फ्रेड राजाला सांगितलं. यातला ह्लाफोर्द म्हणजे आजचा लॉर्ड, क्युनिंग म्हणजे आजचा किंग, आणि शेवटी जो ए लागलाय ना तिन्ही शब्दांना, तोच त्यांचा ला. धन्या-ला, राजा-ला. टू कुठेही नाही, आणि गंमत म्हणजे क्रियापद आहे से, ज्याला आज 'से मी' चालत नाही, 'टेल मी' तरी म्हणावं लागतं नाहीतर 'से टू मी'.

सर्वनामांचंही तेच. 'त्याला मारलं' मधला त्याला आणि 'त्याला पुस्तक दिलं' मधला त्याला यांच्यासाठी जुन्या इंग्लिशमध्ये दोन वेगळी रूपं होती, पहिल्यासाठी 'हिने' आणि दुसऱ्यासाठी 'हिम'. नंतर 'हिने' गळून पडलं आणि दोन्ही कामं 'हिम' करायला लागलं. आपल्याला यात काही नवल वाटायला नको, शाळेतला विभक्तीचा तक्ता आठवा, द्वितीया स ला ते, चतुर्थी पण स ला ते, आपलीही दोन घरं कधीच एक झालीत. फरक इतकाच की आपल्याकडे दोन्हीचा मिळून एक ला तरी उरला, त्यांच्याकडे नामांचे ते शेवट पार झिजून गेले आणि मग कोणी कोणाला दिलं हे सांगायचं काम शब्दांच्या क्रमाने आणि टू ने अंगावर घेतलं.

'मीथिंक्स' हा जुना शब्द तुम्ही कुठेतरी वाचला असेल, त्याचा अर्थ लोक 'आय थिंक' असा करतात पण त्यातलं थिंक हे वेगळंच क्रियापद होतं, वाटणे या अर्थाचं. म्हणजे मीथिंक्स बरोब्बर 'मला वाटतं'! मला हा शब्द सापडला तेव्हा कोणी लांबचं नातेवाईक भेटल्यासारखं झालं होतं.

आता एक्सप्लेन. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि त्यानंतरच्या शतकांत फ्रेंच आणि लॅटिनमधून शब्दांची रीघ लागली. घरच्या जुन्या क्रियापदांपैकी बऱ्याच जणांनी आपली खुर्ची टिकवली, पाहुणे आलेल्यांना बहुतेक करून टू घेऊनच बसावं लागलं: एक्सप्लेन, डिस्क्राइब, सजेस्ट, अनाउन्स, डोनेट, इंट्रोड्यूस. म्हणून 'गिव्ह द लायब्ररी टेन बुक्स' होतं पण 'डोनेट द लायब्ररी टेन बुक्स' होत नाही. एक्सप्लेनचं मूळ लॅटिनमध्ये सपाट करणे असं आहे, प्लेन म्हणजे सपाट तेच हे. मुलीला हे जरूर सांगा, की सपाट करायचंय ते गणित, तू नाहीस, म्हणून क्रियापदाला खेटून गणित येणार आणि तू टू धरून मागून येणार.

ढोबळ खूण हवी असेल तर क्रियापद एकाच उच्चारखंडाचं असेल (गिव्ह, शो) किंवा जोर पहिल्या उच्चारखंडावर असेल (ऑफर, प्रॉमिस) तर खुर्ची मिळण्याची शक्यता जास्त. पण ही खूणच आहे, नियम नाही. से घरचं असून आज त्याच्याकडे खुर्ची नाही, आणि असाइन, गॅरंटी ही बाहेरची असून त्यांना मिळालीये. आणि 'ईमेल मी द फाइल', 'व्हॉट्सअ‍ॅप मी द लोकेशन' ही तर काल आलेली क्रियापदं थेट खुर्चीवर जाऊन बसली, म्हणजे ही रचना अजून जिवंत आहे. आपल्याकडचं 'सजेस्ट मी अ गुड डेंटिस्ट' मात्र अजून चूकच धरतात, तिथे 'सजेस्ट अ गुड डेंटिस्ट' पुरतं, कोणाला ते न सांगताही कळतं.

तुमच्या ओळखीत कोणी जर्मन शिकलेलं असेल तर त्यांना विचारा, जर्मनमध्ये 'एर्क्लेअर मिर दास' म्हणजे 'मला हे समजाव' अगदी शुद्ध आहे, कारण त्यांच्या 'मिर' मध्ये ला शाबूत आहे. मुलीचं वाक्य जर्मनमध्ये पास झालं असतं.

दोन गोष्टी राहिल्या. एक, टू नेहमी शेवटीच येतो असं नाही. समजावायची गोष्ट लांबलचक असेल तर 'टू मी' आधी घेतात, 'एक्सप्लेन टू मी व्हाय माय आन्सर इज राँग', कारण इंग्लिशला जड भाग शेवटी आवडतो. उलट इट इतकं हलकं की त्याला क्रियापदाजवळच जायचं असतं, म्हणून 'गिव्ह मी द पेन' पण 'गिव्ह इट टू मी', आणि 'पिक अप द पेन' चालतं पण इट आलं की 'पिक इट अप'च.

दुसरी, त्या खुर्चीवर बसलेला प्रत्येक 'मी' हा घेणारा असतोच असं नाही. 'मेक मी टी', 'मेक मी हॅपी', 'मेक मी कॅप्टन'. क्रियापद तेच, सर्वनाम तेच, पुढे एकदा नाम, एकदा विशेषण, परत नाम. मराठीत करून बघा: मला चहा कर, मला खूश कर, मला कॅप्टन कर. इथे आपण आणि इंग्लिश अगदी हातात हात घालून चालतो! पण चहा माझ्यासाठी होतोय, तर खूश आणि कॅप्टन मी स्वतः होतोय. शंका आली तर फॉर लावून बघायचं, 'मेक टी फॉर मी' जमतं, 'मेक हॅपी फॉर मी' जमत नाही.

आणि हो, मुलीला वर्गात हेच विचारायचं असेल तर 'शो मी हाउ टू डू धिस सम' म्हणायला सांगा, शो खुर्ची देतं, टू चा प्रश्नच येत नाही, आणि इंग्लंडमधलं त्या वयाचं मूलही बहुतेक असंच विचारेल.