टेबलबेसमध्ये पट साठवत नाहीत, मग पोझिशन सापडते कशी?

तुम्ही विचारलंय की एंडगेम टेबलबेसमध्ये, म्हणजे बुद्धिबळात थोडेच मोहरे उरले की प्रत्येक पोझिशनचा निकाल आधीच काढून ठेवलेल्या फाईलमध्ये, एवढ्या पोझिशन असतात तर प्रत्येकीचा पट कुठे लिहून ठेवतात, आणि साधं हॅश टेबल (ओळखीवरून नोंद शोधायचा तक्ता) वापरलं तर काय बिघडतं. मी राजा-हत्ती विरुद्ध राजाचं छोटं टेबलबेस स्वतः लिहिलंय म्हणून सांगतो.

पट कुठेच लिहीत नाहीत. फाईलमध्ये नुसती उत्तरं असतात, ओळीने, आणि पटावरच्या मोहऱ्यांवरून जो नंबर निघतो तीच त्या उत्तराची जागा. हॅश टेबलमध्ये उत्तराशेजारी पोझिशनची ओळखपण ठेवावी लागते, म्हणजे एका बाइटच्या उत्तरासाठी आठ बाइटची ओळख, ते परवडत नाही.

आता नंबर काढायचा कसा? सरळ हिशोब म्हणजे तीन मोहरे, प्रत्येकाला ६४ घरं, झाले २,६२,१४४. पण प्यादं नसेल तर पट फिरवा नाहीतर आरशात बघा, खेळ तोच राहतो, म्हणून पांढरा राजा कायम ए१-डी१-डी४ या त्रिकोणातल्या १० घरांत आणून ठेवायचा. दोन राजे शेजारी बसू शकत नाहीत, ते धरून दोघांच्या जोड्या उरतात फक्त ४६२, आणि हत्तीला उरलेली ६२ घरं, म्हणजे २८,६४४ (चाल कोणाची त्याचे दोन वेगळे तक्ते). दोन हत्ती असतील तर पहिला कुठला नि दुसरा कुठला याने फरक पडत नाही, मग ६२ घरांतून दोन निवडायची, १,८९१. प्यादं आलं की फक्त डावं-उजवं उलटता येतं आणि ४६२ चे १,८०६ होतात.

खरी गोची कर्णावर आहे, माझं तिथेच चुकलं. दोन्ही राजे ए१-एच८ कर्णावर असले की पट कर्णावरून उलटला तरी राजे जागेवरच राहतात पण हत्ती दुसऱ्या घरात जातो, म्हणजे एकाच पोझिशनचे दोन नंबर. मात झालेल्या पोझिशनपासून उलट्या चाली करत मागे मागे येताना माझा प्रोग्राम त्यातल्या एकाच नंबरवर पोचायचा आणि दुसरा तसाच रिकामा राहून बरोबरी दाखवायचा. आठवडाभर मी चालींचा कोड तपासत बसलो आणि चूक निघाली नंबरात! उपाय एका ओळीचा, राजे दोन्ही कर्णावर असतील तर हत्ती बघायचा, तो कर्णाच्या वर असेल तर पट उलटायचा.

नंबरांत एकही जागा वाया जाता कामा नये असं मात्र नाही. नालिमोव्ह या टेबलबेस बनवणाऱ्याने अशक्य पोझिशन काढून टाकायला खूप मेहनत घेतली, त्याचा सहा मोहऱ्यांचा सेट साधारण १.२ टेराबाइट. रोनाल्ड डी मानचा सिझिजी नावाचा तसाच सेट १५० जीबीच्या आसपास, अर्थात तो मात किती चालींवर आहे ते ठेवतच नाही, जिंकणं-हरणं आणि पुढचा मोहरा मारला जाईपर्यंत किंवा प्याद्याच्या चालीपर्यंतचं अंतर ठेवतो, पण अशक्य जागांत जे कॉम्प्रेशनला (फाईल दाबून लहान करायला) सोयीचं तेच भरतो आणि मोहऱ्यांचा क्रमही बदलून बघतो. मला हा विचार जास्त पटतो, कारण शेजारी शेजारी सारखी उत्तरं आली की फाईल आपोआप आटते.

तुम्ही सुरुवात २,६२,१४४ वाल्या साध्या तक्त्यानेच करा. सगळ्यात लांबची मात १६ चालींची आली की तो बरोबर, मग २८,६४४ वाला बनवा आणि दोन्ही एकेक पोझिशन घेऊन ताडून बघा.