भुरीवरचे न छापलेले लेख

प्रश्न : द्राक्षावरील भुरी रोगावर पीएचडी करते आहे. साहित्याच्या आढाव्यासाठी चॅटबॉटकडून संदर्भ घेतले, पण त्यातले काही माझ्या गाइडना कुठेच सापडले नाहीत. एआय वापरावे की सोडून द्यावे?
– संशोधक विद्यार्थिनी, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : वापरा, फक्त त्याच्या आठवणीतले संदर्भ घेऊ नका. चॅटबॉट शब्दामागून संभाव्य शब्द जुळवत जातो. त्यामुळे खरा लेखक, खरे नियतकालिक आणि कधीच न छापलेला लेख यांची मोट तो बिनदिक्कत बांधतो. आता हाताशी आहे ती यादी तपासताना प्रत्येक डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक) उघडा. तो उघडला म्हणून निर्धास्त होऊ नका, भलत्याच लेखाचाही निघतो. शीर्षक, पहिला लेखक आणि वर्ष जुळले तरच संदर्भ ठेवा.

एआय खरे कामाला येते ते शोधशब्द काढताना. भुरीच्या बुरशीचे आजचे नाव एरिसायफी नेकेटर, जुन्या लेखांत मात्र अनसिन्युला नेकेटर किंवा ऑयडियम टकेरी. नुसत्या नव्या नावाने शोधलेत तर जुने काम निसटते. अशी पर्यायी नावे काढून घ्या, पडताळा, अवतरणचिन्हांत घालून ‘ऑर’ने (म्हणजे ‘किंवा’ने) जोडा आणि मग स्कोपस या संशोधन-लेखांच्या सूचीत शोधा; सिमँटिक स्कॉलर या लेखशोध संकेतस्थळावर मात्र एकेक नाव वेगळे शोधा. भारतीय प्रबंधांसाठी शोधगंगा आणि कृषिकोश वेगळे पाहावेच लागतात. शोधाची तारीख, नेमके शोधवाक्य आणि मिळालेल्या लेखांची संख्या त्याच दिवशी लिहून ठेवा. प्रिझ्मा २०२० या आढावा-लेखनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार आढावा मांडायचा झाल्यास हे सगळे लागते.

लेख झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घ्या. दुबार नोंदी एकत्र करता येतात, शिवाय मागे घेतलेल्या लेखावर तिथे इशारा दिसतो.

पीडीएफमधून वाण, बुरशीनाशक, मात्रा, ठिकाण, हंगाम असा तक्ता काढायला इलिसिटसारखे साधन चालते. घोळ होतो तो इथे. प्रतिलिटर ग्रॅम आणि प्रतिहेक्टरी ग्रॅम एकाच रकान्यात येतात. रोगाचे प्रमाण, म्हणजे किती पाने बाधित, आणि रोगाची तीव्रता, म्हणजे पानाचा किती भाग व्यापला, यांची सरमिसळ होते. जुन्या स्कॅन प्रतींत तर तक्त्यांचे रकानेच सरकतात. म्हणून प्रत्येक आकड्यासोबत पान क्रमांक आणि मूळ वाक्य मागा, आणि मूळ पान स्वतः उघडून पाहा. तुमच्या प्लॉटवरची अप्रकाशित निरीक्षणे मात्र गाइडना विचारल्याशिवाय कुठल्याही साधनावर चढवू नका.