'हॅव'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय: मनोविश्लेषक एरिक फ्रॉमच्या 'टू हॅव ऑर टू बी' (सगळं जवळ धरून जगणं आणि नुसतं जिवंतपणे असणं, अशा जगण्याच्या दोन रीतींवरचं पुस्तक) मधल्या एका प्रकरणाचं मराठी करताना 'हॅव'ला काय लिहायचं? डिक्शनरी 'असणे' सांगते, 'बी'ला पण 'असणे'च सांगते, मग दोन्हीकडे असणेच लिहिलं तर वाचणाऱ्याला कळणार काय? त्याला जोडून दुसरा प्रश्न, 'ह्युमॅनिस्टिक सायकोअ‍ॅनालिसिस'ला मानवतावादी मनोविश्लेषण चालेल का.

तुम्ही जिथे अडलात तो या पुस्तकातला सगळ्यात इंटरेस्टिंग मुद्दा आहे, कारण ही अडचण खुद्द फ्रॉमला माहीत होती. पुस्तक १९७६चं. त्यात तो म्हणतो की बऱ्याच भाषांमध्ये 'हॅव' असं क्रियापदच नाहीये, हिब्रूत 'येश ली' म्हणतात, म्हणजे सरळ 'मला आहे'. एमिल बेन्व्हेनिस्त या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाचं एक निरीक्षण तो घेतो की पुष्कळ भाषा 'मला आहे'कडून 'हॅव'कडे गेल्यात, लॅटिनमध्ये 'मिही एस्त' (मला आहे) आणि 'हाबेओ' (आय हॅव) दोन्ही दिसतात, पण उलटा प्रवास होत नाही. आणि मग फ्रॉम अंदाज करतो की खासगी मालमत्ता वाढली तसं हे क्रियापद आलं असावं. अंदाजच आहे तो, पुढे अभ्यास व्हायला पाहिजे असं त्यानेही लिहिलंय, त्यामुळे तुमच्या टीपेत तो सिद्धांत म्हणून देऊ नका.

मराठी अजून 'मला आहे'वालीच भाषा आहे, आणि नुसती तेवढीच नाही, आपण नात्याप्रमाणे प्रत्यय बदलतो. मला दोन भाऊ आहेत. माझ्याकडे छत्री आहे. घराला दोन दारं आहेत. तिच्यात धमक आहे. त्याच्या अंगात ताप आहे. इंग्रजीत या सगळ्यांना एकच 'हॅव' पुरतं, भाऊ, छत्री, दार, धमक, ताप सगळं एका पिशवीत. आपल्याकडे प्रत्यय चुकला की अर्थच बदलतो, माझा इंग्लिश मीडियमचा भाचा लहानपणी म्हणाला होता "माझ्याकडे दोन मामा आहेत" तर त्याची आजी लगेच म्हणाली, "मुक्कामाला आलेत का?" आजी व्याकरण शिकलेली नाही, पण माणसं 'कडे' नसतात, माणसं 'ला' असतात हे तिच्या कानाला पक्कं माहीत आहे.

आता याचा मानसशास्त्राशी काय संबंध, तर फ्रॉमचं उदाहरण बघा. एक पेशंट येऊन सांगतो की माझ्याकडे प्रॉब्लेम आहे, निद्रानाश आहे, चांगलं घर, चांगली मुलं, सुखी संसार असूनही माझ्याकडे खूप काळज्या आहेत (मराठीत मुद्दाम 'कडे' लावतोय, म्हणजे खटकेल). फ्रॉमचं म्हणणं, काही दशकांपूर्वी हाच माणूस म्हणाला असता की मी अस्वस्थ आहे, मला झोप येत नाही. अनुभव घेणारा 'मी' बाजूला होतो आणि अनुभवाची वस्तू होते, घरागाडीसारखी जवळ बाळगायची. आपल्याकडे हे बदलताना मी रोज ऐकतो, 'मला एक सुचलंय'च्या जागी 'माझ्याकडे एक आयडिया आहे', 'मला विचारायचंय'च्या जागी 'माझ्याकडे एक प्रश्न आहे', 'मला वेळ नाही'च्या जागी 'माझ्याकडे वेळ नाहीये'. ही मला नुसती शुद्ध-अशुद्धची भानगड वाटत नाही. सुचणं ही घडणारी गोष्ट आहे, आयडिया ही खिशातली गोष्ट आहे, आणि सुचणं हे क्रियापद गेलं तर मला खरंच वाईट वाटेल.

पण यावरून मराठी माणूस मुळातच 'बीइंग'वाला असं म्हणायला जाल तर ते खोटं ठरेल. सोनं, फ्लॅट, गुंठे यांचा सोस आपल्याला 'हॅव' नसतानाही आहेच. शिवाय 'मला राग येतो, मला सुचतं' यात मी म्हणजे नुसती जागा झालो जिथे काहीतरी येऊन बसतं, आणि फ्रॉमला तेवढं पुरत नाही, त्याच्या 'बी'मध्ये माणूस आतून जागृत आणि कामात असतो, घेतो, देतो, वाढतो.

म्हणून माझं सुचवणं असं आहे. 'हॅविंग मोड'साठी 'बाळगणं', 'बीइंग मोड'साठी 'असणं'. बाळगणं यासाठी की ते आपण वस्तूला पण वापरतो आणि मनाला पण, शस्त्र बाळगतो, भीती बाळगतो, अभिमान बाळगतो, उराशी काही बाळगून असतो, म्हणजे फ्रॉमला हवी असलेली चिकटून राहण्याची छटा त्यात आपोआप येते. 'मालकी' घेतलं तर ते सातबाऱ्यापुरतं राहतं. आणि फ्रॉमला सगळंच जवळ ठेवणं वाईट वाटत नाही हे विसरू नका, जगायला अन्न, कपडे, घर, अवजारं लागतातच, त्या वापरापुरत्या असण्याला तुम्ही बिनधास्त 'जवळ असणं' म्हणा. भाषांतरात 'जवळ असणं' आणि 'बाळगणं' असा फरक शेवटपर्यंत पाळलात तर अर्धं काम झालं.

आता मानवतावादी. शब्द रूढ आहे, एम. एन. रॉय यांच्या विचाराला आपल्याकडे नवमानवतावाद म्हणतात, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्या वळणाचे, त्यामुळे नवा शब्द पाडायची गरज नाही. फक्त रोजच्या मराठीत मानवतावादी म्हणजे दयाळू, पूरग्रस्तांना मदत करणारा असा अर्थ झालाय, आणि इथे तो नाहीये. मनोविश्लेषण सुरू करणाऱ्या फ्रॉइडने माणसाच्या मुळाशी मुख्यतः कामप्रेरणा ठेवली. फ्रॉम फ्रँकफर्टचा, जन्म १९००चा, मनोविश्लेषण शिकण्याआधी हायडेलबर्गला समाजशास्त्रात डॉक्टरेट केलेला, आणि १९३४ला नाझी जर्मनीतून अमेरिकेत गेलेला. त्याचं म्हणणं की माणसाला जोडलं जाण्याची, अर्थ सापडण्याची गरज भुकेइतकीच खरी आहे, आणि ती कशी भागते हे समाज ठरवतो. म्हणूनच १९४१च्या 'एस्केप फ्रॉम फ्रीडम'मध्ये तो हिटलरच्या एकट्याच्या डोक्यात शिरून थांबत नाही, मोकळं झालेलं पण एकटं पडलेलं माणूस स्वतः होऊन मालक का शोधतं हे विचारतो. तेव्हा पहिल्यांदा शब्द येईल तिथे एका वाक्यात सांगा की मानवतावादी म्हणजे माणसाच्या गरजा आणि शक्यता मध्यभागी ठेवणारं. आणि कार्ल रॉजर्स, मॅस्लो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या मानवतावादी मानसशास्त्राशी घोटाळा होऊ देऊ नका, गोतावळा जवळचा आहे पण फ्रॉम शेवटपर्यंत स्वतःला मनोविश्लेषकच समजत होता, अबोध मन, म्हणजे आपल्याला जाणीव नसलेला मनाचा भाग, त्याने सोडलं नाही.

एक न विचारलेलं सांगतो कारण पुढच्या पानांवर तुम्ही तिथे अडणारच. 'सोशल कॅरेक्टर'ला 'सामाजिक चारित्र्य' अजिबात लिहू नका. मराठीत चारित्र्य म्हटलं की माणूस सरळ की वाकड्या चालीचा एवढंच डोळ्यासमोर येतं, चारित्र्याचा दाखला, चारित्र्यावर संशय. फ्रॉमला म्हणायचंय ते म्हणजे एका समाजात एकसारखं जगणाऱ्या लोकांचा जुळणारा स्वभाव. त्याने आणि त्याचा सहकारी मायकल मॅकोबीने मेक्सिकोतल्या एका खेड्याचा अभ्यास १९७०ला पुस्तकरूपात छापला, त्यात दिसलं की क्रांतीनंतर जमिनी वाटल्या गेल्या तरी मोठ्या मळ्यांवर मजुरी केलेल्या घरांमधली माणसं वरून कुणी काही देईल याची वाट बघणारी राहिली, आणि पिढीजात छोट्या शेतकऱ्यांमध्ये राखून, साठवून ठेवण्याचा स्वभाव दिसला. कागद बदलला, स्वभाव मागे राहिला. याला चारित्र्य म्हणून कसं चालेल? 'समाजस्वभाव' लिहा. जोडशब्द थोडा नवा वाटेल, पण गावाचा स्वभाव, घराण्याचा स्वभाव असं आपण बोलतोच, आणि त्या पानांवर 'साठवणारा स्वभाव', 'बाजारी स्वभाव' हे पोटप्रकार पण मग सरळ बसतात. यातला बाजारी म्हणजे स्वतःलाच माल समजून खपतोय का ते बघणारा, तिथे 'व्यापारी' लिहिलंत तर वाण्याची आठवण होईल आणि मुद्दा निसटेल.