आर टाकताना अडलात? वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे

प्रश्न : पीएचडीच्या मार्गदर्शकांनी ‘आर स्टुडिओ टाकून घ्या’ म्हणून सांगितलं. टाकलं, पण उघडलं की ‘आर सापडत नाही’ असा निरोप येतो. (मानसशास्त्राची विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : सरांनी निम्मंच सांगितलं. आकडेमोड करतं ते आर, म्हणजे संख्याशास्त्रासाठीची संगणकभाषा. आर स्टुडिओ म्हणजे कोड, तक्ते आणि आलेख एकाच खिडकीत दिसावेत यासाठी पॉझिट या कंपनीने केलेली सोय. आधी क्रॅन या आरच्या अधिकृत संकेतस्थळावरून आर घ्या. विंडोजसाठी तिथे चार दुवे दिसतील, त्यातला ‘बेस’ तुमचा. मॅक असेल तर चिप ॲपलची की इंटेलची हे आधी बघा, कारण दोन्हींच्या फाइली वेगळ्या आहेत. मग आर स्टुडिओ पुन्हा उघडा. बहुतेक वेळा ते आरला आपणहून शोधून काढतं.

प्रश्न : कॉम्प्युटरवाला पाचशे रुपयांत ‘फुल व्हर्जन’ टाकून देतो म्हणतो. देऊ का?

उत्तर : नको. आरला अर्धं व्हर्जनच नाही. ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी ते सुरू केलं आणि १९९५ पासून ते जीपीएल या मुक्त परवान्याखाली सगळ्यांना खुलं आहे. ना नोंदणी, ना सिरियल नंबर. आर स्टुडिओची डेस्कटॉप आवृत्तीही फुकट मिळते.

प्रश्न : पॅकेज टाकायला गेलं की लाल अक्षरांचा पाऊस पडतो. मध्येच ‘सोर्समधून इन्स्टॉल करू का?’ असंही विचारतं. काय बिघडलंय?

उत्तर : बहुधा काहीच नाही. (पॅकेज म्हणजे आरला जोडायचा जादा सुविधांचा संच.) आरला लाल रंगाची सवय आहे. साध्या सूचनाही ते लालच छापतं. त्यामुळे रंगाकडे बघू नका, ओळीचा पहिला शब्द वाचा. ‘वॉर्निंग’ असेल तर काम बहुतेक वेळा पुढे सरकलेलं असतं. ‘एरर’ असेल तर थांबा आणि तिथली पहिली एरर वाचा, शेवटची नव्हे. खालच्या बऱ्याचशा तिच्यातूनच निघालेल्या असतात.

सोर्स म्हणजे पॅकेजचा मूळ कोड. त्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणा. त्या पॅकेजची सर्वांत नवी आवृत्ती अजून तयार स्वरूपात आलेली नसते, म्हणून आर ती तुमच्या मशिनवर घडवायची का, असं विचारतं. ‘नाही’ म्हटलं की किंचित जुनी, पण तयार आवृत्ती बसते. खरंच घडवायची असेल तर विंडोजवर आरटूल्स हे त्यासाठीचं वेगळं सॉफ्टवेअर लागतं, आणि तेही तुमच्या आरच्या आवृत्तीशी जुळणारं. नवशिक्याने त्या फंदात पडू नये.

‘पर्सनल लायब्ररी बनवू का?’ (म्हणजे पॅकेजेससाठी तुमचा स्वतःचा फोल्डर) असं विचारलं तर मात्र बिनधास्त ‘हो’ म्हणा. कॉलेजच्या लॅबमध्ये ॲडमिनचा पासवर्ड नसतानाही पॅकेजेस चालतात ती याच सोयीमुळे.

प्रश्न : सर्वेक्षणाच्या फाइलीत तालुक्यांची नावं मराठीत आहेत. आरमध्ये त्यांच्या जागी कंसातले यू आणि आकडे दिसतात. (शिक्षक, बीड)

उत्तर : तुमच्याकडे जुनं आर दिसतंय. विंडोजवर पूर्वी आरला देवनागरीचं वावडंच होतं. २०२२ साली आलेल्या ४.२.० या आवृत्तीपासून विंडोज १० वर ते थेट युटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिप्या साठवता येणाऱ्या पद्धतीत) काम करू लागलं आणि मराठी लिहिणाऱ्यांची मोठी कटकट मिटली. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा नवं आर टाकावं. एक्सेलमधून फाइल काढताना साधं सीएसव्ही न निवडता ‘सीएसव्ही युटीएफ-८’ निवडा, नाहीतर अक्षरं तिथेच प्रश्नचिन्हं होऊन बसतात आणि मग आर काहीही करू शकत नाही.

प्रश्न : घरचा लॅपटॉप जुना, ३२ बिटचा आहे. चालेल?

उत्तर : विंडोजवर ४.१.३ ही ३२ बिटला चालणारी शेवटची आवृत्ती. क्रॅनवर जुन्या आवृत्त्यांच्या पानावर मिळेल. सरासरी, टी-टेस्ट, रिग्रेशन त्यात उत्तम होतं. पण नवी पॅकेजेस हळूहळू हात वर करतील आणि वरच्या प्रश्नातली मराठीची कटकटही राहील. नेट चांगलं असेल तर पॉझिट क्लाउडवर मोफत खातं उघडून ब्राउझरमध्येच काम करा.

प्रश्न : नवं आर टाकलं आणि सगळी पॅकेजेस गायब!

उत्तर : गायब नाहीत, जुन्या फोल्डरमध्ये आहेत. ४.३ वरून ४.४ वर गेलात की विंडोजवर लायब्ररीचा फोल्डर बदलतो. जुना फोल्डर उचलून नव्यात टाकायचा मोह आवरा आणि लागतील ती पॅकेजेस पुन्हा टाका. प्रबंध महिन्याभरात द्यायचा असेल तर आर बदलूच नका.