विचलन आणि गुन्हा: दोन शब्दांमधलं अंतर

प्रश्न असा आला आहे: समाजशास्त्राच्या मराठी पुस्तकांत 'विचलन' हा शब्द सारखा येतो. त्याऐवजी सरळ 'गुन्हा' किंवा 'गैरवर्तन' का म्हणू नये? 'विचलन' फार पुस्तकी वाटतो.

पुस्तकी आहे, हे मान्य. तरी तो बदलू नये असं मला मनापासून वाटतं. 'गैरवर्तन' म्हटलं की निकाल लागलेला असतो, कारण 'गैर' या उपसर्गातच ठपका आहे. 'विचलन' निकाल देत नाही. संख्याशास्त्रात 'प्रमाण विचलन' म्हणतात तेव्हा सरासरीपासून दूर असलेल्या आकड्याला कोणी वाईट ठरवत नाही. समाजशास्त्राला हाच तटस्थपणा हवा असतो: समाजाची अपेक्षा इथे होती, वागणं तिथे गेलं.

'गुन्हा' तर आणखी अरुंद. फारसी 'गुनाह'वरून तो आपल्याकडे आला. मुळात त्यात पापाचीही छटा आहे, पण आजच्या मराठीत तो कायद्याला बांधला गेला आहे. गुन्हा दाखल होतो, विचलन दाखल होत नाही. रांग मोडून पुढे घुसणाऱ्यावर लोक डोळे वटारतात, पण त्याला कोणी अटक करत नाही. हे विचलन आहे, गुन्हा नाही. उलटही घडतं. वेगमर्यादा थोडी ओलांडणं कायद्याने चूक, पण रस्त्यावरचे बहुतेक जण तेच करत असतील तर तिथे मर्यादा पाळणाराच वेगळा दिसतो. दोन्ही शब्द एक केले तर हा फरक सांगायला भाषाच उरणार नाही.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्युर्केम यांनी १८९३ मध्ये मांडलं की एखादं कृत्य गुन्हा असतं म्हणून आपण त्याचा निषेध करतो असं नाही. आपण निषेध करतो म्हणून ते गुन्हा ठरतं. पुढे १८९५ मध्ये त्यांनी संतांच्या वसाहतीची कल्पना केली. तिथे चोरी नसेल, खून नसेल, पण आपण सहज सोडून देऊ अशा किरकोळ चुकीवरही तिथे तेवढाच गहजब होईल.

आता 'अपराध'. हा माझा फार आवडता शब्द. 'राध्' म्हणजे साधणं, सिद्धीस जाणं. 'अप' लागला की ते हुकलं. अमरकोशात 'अपराद्धपृषत्क' असा शब्द आहे: ज्याचा बाण लक्ष्य सोडून जातो असा धनुर्धर. म्हणजे अपराधाच्या मुळाशी नेम चुकणं आहे. आपलं 'वाकडं पाऊल पडलं' हेही त्याच जातीचं. त्यामुळे वाटेपासून ढळणं सांगणारा 'विचलन' दिसतो तितका परका नाही.

वापरताना एक जपा. 'विचलित व्यक्ती' लिहू नका. रोजच्या मराठीत 'विचलित' म्हणजे मन अस्वस्थ झालेला. वाचक भलताच अर्थ घेईल. 'विचलन करणारी व्यक्ती' लांब आहे, पण स्वच्छ आहे.

शिवाय त्यात क्रियापद शिल्लक राहतं, आणि ते मला फार मोलाचं वाटतं. 'त्याने चोरी केली' हे एका दिवसाचं वाक्य आहे. 'तो चोर आहे' यात काळच नाही. 'गुन्हा'ला 'गार' लागलं की कृत्य संपतं आणि माणसाची ओळख सुरू होते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर यांनी १९६३ मध्ये हेच मांडलं: विचलन कृत्यात नसतं, इतरांनी लावलेल्या शिक्क्यात असतं. त्याआधी १९५१ मध्ये तिथलेच समाजशास्त्रज्ञ एडविन लेमर्ट यांनी प्राथमिक आणि दुय्यम विचलन असा भेद केला होता. पहिली चूक कशानेही होते. नंतर लोक ज्या नावाने हाक मारतात, त्या नावाभोवतीच माणूस आपलं आयुष्य रचू लागतो, ते दुय्यम. मराठीत हा भेद समजावायचा असेल तर 'गुन्हा केलेला' आणि 'गुन्हेगार' ही जोडी शेजारी शेजारी लिहून दाखवा.