डाव ज्याचा त्याला खेळू दे

नागपूर, मे महिना

प्रिय मित्रा,

रविवारी हौसेने पट मांडलास आणि तासाभरात एकेक जण उठून गेला, असं लिहिलंस. ‘कॅटन’ हा वस्त्या वसवण्याचा पटावरचा खेळ घेतला तो चुकलाच का, असं विचारतोस. खेळ उत्तम आहे. पण आधी बराच वेळ नियम वाचून दाखवलेस आणि मग आत्याला प्रत्येक पाळीला “इथे नको, तिथे ठेव” सांगत बसलास, हेही तुझ्याच पत्रात आहे. घोटाळा तिथे झाला.

सापशिडीत फासा पडतो, सोंगटी सरकते. खेळणाऱ्याने ठरवायचं काही उरत नाही. बुद्धिबळात सगळंच ठरवायचं असतं, पण मुरलेला आणि नवखा समोरासमोर बसले की निकाल कळून चुकतो. क्लाउस टॉयबर यांचा ‘कॅटन’ १९९५ साली जर्मनीत आला, तो या दोन्हींच्या मधली वाट धरून. पटावरच्या जागांना आकडे असतात; फाशांची बेरीज तो आकडा आली की शेजारी वस्ती असणाऱ्याला तिथला माल मिळतो. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी सहा पडण्याच्या ५, आठच्याही ५, आणि दोन किंवा बाराची एकेकच. हे गणित पाठ नसलं तरी अडत नाही, कारण पटावर आकड्याखाली तेवढे ठिपके छापलेले असतात. सहा आणि आठ तर लाल रंगात.

आता पहिली वस्ती कुठे बसवायची? आठच्या जागेत विटा मिळतात, पण जवळ गहू नाही. पाचजवळ गहू आहे, बंदरही आहे, पण विटांशिवाय रस्ते कसे बांधणार? एक घ्यावं तर दुसरं हातचं जातं, आणि आपण विचार करतोय तोवर समोरच्याची नजरही त्याच कोपऱ्यावर आहे. दान काय पडेल ते आपल्या हातात नाही; कुठल्या दानावर भरवसा ठेवायचा ते मात्र आहे. डोकं खाजवायला लावणारी ही घडी म्हणजेच खेळ. ती तू आत्याकडून काढून घेतलीस. मग तिने नुसती लाकडं सरकवत का बसावं?

शिवाय सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात भाव पाडणारी बाई ती! “एक वीट दे, दोन मेंढ्या घे” ही घासाघीस तिला तुझ्यापेक्षा चांगली जमेल. फासे कुणीही टाको, आपला आकडा आला की आपल्यालाही माल मिळतो, त्यामुळे दुसऱ्याच्या पाळीतही लक्ष पटावरच राहतं. लहानपणीच्या ‘व्यापार’मध्ये दिवाळं निघालेला पोरगा बाजूला बसून इतरांचे पैसे मोजायचा, आठवतं ना? ‘कॅटन’सारख्या खेळांत शेवटपर्यंत सगळे डावात असतात. मला त्यांची हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

घरी सगळ्यांना पुन्हा बसवायचं असेल तर सुरुवात ॲलन मून यांच्या ‘तिकीट टू राइड’ने कर. २००४ साली त्याला ‘श्पील देस यारेस’ हा जर्मनीतला मानाचा पुरस्कार मिळाला. पाळीला तीनपैकी एकच काम: पत्ते उचला, ते देऊन रूळ टाका किंवा कुठली दोन गावं जोडायची ते सांगणारी नवी तिकिटं घ्या. नियम पाच मिनिटांत सांगून होतात, आणि इटारसी, वर्धा, दुर्ग अशा तीन दिशांना फुटणारे रूळ बघत वाढलेल्या आपल्या माणसांना रेल्वे समजावून सांगावी लागत नाही. तरी पेच आहेच. अजून दोन पत्ते जमवावेत की हा मार्ग आत्ताच घ्यावा? थांबलो आणि दुसऱ्याने तो अडवला तर लांबचा फेरा, आणि तिकीट अपुरं राहिलं तर गुण वजा.

‘पँडेमिक’ मात्र तूर्त काढू नकोस. त्यात सगळे मिळून रोगाच्या साथींशी लढतात, जिंकले तर सगळे, हरले तरी सगळे. ऐकायला छान, पण जाणकार माणूस तिथे हमखास सगळ्यांच्या पाळ्या स्वतःच खेळायला लागतो. आधी तुला गप्प बसायची सवय होऊ दे. कुणी विचारलं तर दोन पर्याय सांग आणि थांब. आत्या वेडीवाकडी खेळली तर खेळू दे. तो मार्ग का हुकला हे तिचं तिलाच उमगेल, आणि पुढच्या डावात ती आपणहून तुझी वाट अडवेल.

एक बारीक गोष्ट: कुलरच्या झोतासमोर बसू नका, पत्त्यांचा ढीग उडतो आणि सगळा डाव विस्कटतो. खोलीच्या कडेला सतरंजी घाला. पट सगळ्यांना सुलटा दिसेल असा ठेव, म्हाताऱ्यांना गावांची नावं वाचता यायला हवीत.

माझा ‘तिकीट टू राइड’ शनिवारी संध्याकाळी धरमपेठेत येऊन घेऊन जा. परत आणताना आगगाडीचे डबे मोजून आण. प्रत्येक रंगाचे ४५.

तुझा,
मित्र