वाचक विचारतात : आजोबा ‘डॉनार’ होते म्हंजे नक्की कोण?

मागच्या अंकात लष्करी मोटरसायकलींवर मी जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या, पण पत्रं आली ती सगळी त्याच विषयावर. त्यामुळे कार्बोरेटर, मायलेज वगैरे प्रश्नवाल्यांनी या वेळी जरा दम धरा.

प्रश्न : माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीला होते. कुणी विचारलं की सांगायचे, “मी डॉनार होतो.” आम्हाला वाटायचं हे कुठल्यातरी गावाचं नाव असेल. आता एकजण म्हणतो की तो हुद्दा होता. खरं काय? (वाचक, सातारा जिल्हा)

गाव नाही आणि हुद्दाही नाही, ते काम होतं. डिस्पॅच रायडर, म्हंजे मोटरसायकलवरून लष्कराची टपाल नेणारा माणूस, थोडक्यात डी.आर. आता ब्रिटिश सिग्नलवाल्यांची, म्हंजे लष्कराचे निरोप पोचवणाऱ्या शाखेची, फोनवर अक्षरं सांगायची एक जुनी पद्धत होती, ए म्हंजे ॲक, बी म्हंजे बिअर (हसू नका, खरंच), तशी डी म्हंजे डॉन. कारण खरखरत्या लाइनवर डी, बी, पी, टी सगळं एकसारखंच ऐकू येतं. म्हणून डी.आर.चा झाला डॉन-आर आणि आपल्याकडच्या जवानांच्या तोंडी तो डॉनार झाला असेल तर त्यात नवल काही नाही. दंडावर निळा-पांढरा पट्टा असायचा या लोकांच्या. जुना फोटो सापडला तर दंड नीट बघा, अर्थात ब्लॅक अँड व्हाइटमधे निळा कसा ओळखणार हा प्रश्न आहेच.

प्रश्न : वायरलेस होता, टेलिफोन होता, मग कागद घेऊन माणूस कशाला पळवायचा? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, सांगली)

वायरलेसवर बोललेलं शत्रूही ऐकतो म्हणून. सांकेतिक भाषेत पाठवा म्हणाल तर ते लिहायला आणि पलीकडे उलगडायला वेळ लागतो, आणि नकाशा किंवा विमानातून काढलेला फोटो तर रणांगणावरच्या वायरलेसवरून जाणारच नव्हता. टेलिफोनच्या तारा तोफगोळ्यानं तुटायच्या, आणि तेवढ्यातून वाचल्या तर आपल्याच रणगाड्याखाली यायच्या. शेवटी उरतो माणूस.

यात धाडसाचा भाग होताच, पण रोजचं काम पोस्टमनचं. ठरलेल्या वेळी ठरलेल्या मुख्यालयांना फेरी मारायची, पाकीट द्यायचं, वेळ टाकून सही घ्यायची, तिथलं पाकीट उचलायचं की पुढे. एसटीच्या टाइमटेबलसारखंच. तातडीचं काही निघालं तर वेगळा रायडर सुटायचा. इंग्लंडमधे ब्लेचली पार्कला जर्मनांचे सांकेतिक संदेश फोडायचं जे प्रसिद्ध काम चालायचं, तिथेसुद्धा हवेतून टिपलेल्या संदेशांचे कागद सुरुवातीच्या काळात बरेचदा मोटरसायकलवरूनच यायचे. जगातली हुशार डोकी एका जागी बसलेली आणि त्यांचा कच्चा माल येतोय कुणाच्या तरी भिजलेल्या पिशवीतून.

आणि जिथे गाडीचं चाक चालेना तिथून पुढे पायी निरोप नेणारा रनर. आपल्या नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांचं नाव ऐकलं असेल, मराठा लाइट इन्फंट्री, व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक), ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी. ते कंपनीचे रनरच होते.

प्रश्न : ओरिजिनल मिलिटरी बीएसए विकायला आहे, खाकी रंग आहे. घेऊ का? (नाशिक)

खाकी रंगाचा डबा कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो हो. इंजिन आणि फ्रेमचे नंबर तपासल्याशिवाय एक रुपया देऊ नका. खरी एम-२०, म्हंजे बीएसए या ब्रिटिश कंपनीचं युद्धातलं मॉडेल, असेल तर साधारण ५०० सीसी, साइड-व्हॉल्व्ह, मागे सस्पेन्शन नावाची गोष्ट नाही, सीटखाली दोन स्प्रिंगा तेवढ्या. युद्धात अशा सव्वा लाखाच्या आसपास बनल्या. वजन १७० किलोच्या जवळ. मित्राच्या गाडीला मी किक मारलीये, आधी हँडलवरच्या लिव्हरनं स्पार्क मागे घ्यायचा, मग डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी लिव्हर) दाबून पिस्टन जागेवर आणायचा आणि मग मारायची, आणि यातलं एक जरी विसरलं तर किक उलटून पिंडरीवर बसते. दोन दिवस लंगडत होतो. आणि हे त्या पोरांनी अंधारात, चिखलात, थंडीनं बोटं वाकत नसताना करायचं.

पहिल्या महायुद्धातली ट्रायम्फ मॉडेल एच तर त्याहून भारी, मागचं चाक साखळीऐवजी पट्ट्यावर फिरायचं, पाऊस आला की पट्टा घसरायचा, आणि पुढच्या फोर्कची स्प्रिंग खड्ड्यात तुटायची म्हणून रायडर तिथे कमरेच्या पट्ट्यासारखा पट्टा आवळून ठेवायचे. जुगाड हा फक्त आपलाच शोध आहे असं कुणी समजू नये.

प्रश्न : सिनेमात दाखवतात तसे गोळ्या चुकवत जायचे का? किती जण मरायचे? (एक पुणेकर)

गोळ्याही असायच्या. पण रोजचा खरा वैरी म्हंजे रस्ता आणि झोप. इंग्लंडमधे सप्टेंबर १९३९ पासून ब्लॅकआउट, हेडलाइटवर झाकण लावलेलं, त्याच्या फटीतून पडेल तेवढाच उजेड. पुढे लष्करी ट्रक आहे हे कळायचं तेव्हा तो हँडलला लागलेला असायचा.

आता पुणेकरांनी विचारलंय म्हणून मुद्दाम सविस्तर सांगतो. १३ मे १९३५ ला लॉरेन्स ऑफ अरेबिया म्हणून प्रसिद्ध असलेला टी. ई. लॉरेन्स आपल्या ब्रफ सुपीरिअर मोटरसायकलवरून येत होता, सायकलवरच्या दोन पोरांना वाचवायला गेला, पडला, डोक्याला मार लागला आणि सहा दिवसांनी गेला. त्याला तपासायला बोलावलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे सर्जन होते. पुढे युद्ध लागल्यावर त्यांच्याकडे अपघातात डोकं फुटलेले मोटरसायकलस्वार येत राहिले, त्यात लष्करातले बरेच. केर्न्सनी आकडे काढून १९४१ मधे छापले. युद्धाआधीच्या २१ महिन्यांत ब्रिटनमधे १,८८४ मोटरसायकलस्वार रस्त्यावर मेले होते, युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत २,२७९. म्हंजे पेट्रोलवर रेशन, बऱ्याच खासगी गाड्या घरात बंद, आणि तरी ३९५ जास्त! आणि त्यांनी पाहिलेल्या केसेसमधे हेल्मेट घातलेले फक्त सात जण होते, ते सातही वाचले. सात म्हंजे काहीच नाही हे खरंय, पण लष्करानं वाद घालत न बसता नोव्हेंबर १९४१ मधे आपल्या रायडरना क्रॅश हेल्मेट सक्तीचं केलं. ते पोलादी टोपडं नव्हे, लगद्याचं किंवा रबराचं, धक्का शोषणारं. ब्रिटनमधे सामान्य माणसाला सक्ती व्हायला मात्र १९७३ उजाडलं. त्या मानानं हेल्मेट न घालण्यासाठी मोर्चे काढणारे आपण काही फार मागे नाही, असं म्हणून समाधान करून घ्या हवं तर. मला येणारी पत्रं आता कमी होतील, माहितीये.

प्रश्न : बायका होत्या का या कामात? आणि युद्ध संपल्यावर या लोकांनी काय केलं? (शिक्षिका, कोल्हापूर)

होत्या तर. ब्रिटिश नौदलाच्या महिला दलात होत्या, लष्कराच्या महिला दलातही. माझी आवडती म्हंजे थेरेसा वॉलॅक. १९३४-३५ मधे ती आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरन, दोघी साइडकार आणि वर ट्रेलर जोडलेल्या पँथर मोटरसायकलवरून लंडनहून निघाल्या, सहारा वाळवंट ओलांडून थेट केपटाउन. युद्धात थेरेसा आधी मेकॅनिक, मग डिस्पॅच रायडर. नंतर अमेरिकेत गेली, आणि साठी उलटल्यावर ॲरिझोनात तिनं लोकांना मोटरसायकल शिकवायची शाळा काढली.

आपल्याकडे गाडी लष्करातच राहिली. १९५० च्या दशकात आपल्या सैन्यानं ३५० ची बुलेट मागवली, ती इथे बनवायला १९५५ मधे मद्रासला कंपनी उभी राहिली, आणि आज जी गाडी घेऊन पोरं लडाखला जातात तिची इथली सुरुवात अशी खाकी आहे. सिग्नलवाल्यांची जबलपूरची डेअर डेव्हिल्स टीम तुम्ही २६ जानेवारीला टीव्हीवर बघितली असेल, एका बुलेटवर मनोरा करून जाणारी.

बाकी बहुतेक जण घरी आले, शेती नाहीतर नोकरी धरली आणि बोलले नाहीत. सातारकरांच्या आजोबांनी एक शब्द तरी सांगितला.

सातारकर, तुमच्यासाठी अजून एक. आजोबांचे कागद नसले तरी मेडल असतील ना? ब्रिटिश सैनिकांना त्या युद्धाची मेडल कोरी मिळाली, पण भारतीय सैनिकांच्या मेडलवर नंबर आणि नाव घातलेलं असतं, गोल मेडल असेल तर कडेवर आणि पितळी दिसणारी चांदणी असेल तर पाठीवर. भिंग घेऊन बघा. नंबर मिळाला की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, सिग्नलचं रेकॉर्ड जबलपूरला असतं, तिकडे कसं लिहायचं ते सांगतील. नावाचं इंग्रजी स्पेलिंग त्या वेळच्या कारकुनानं मनाला येईल तसं केलेलं असतं, त्यामुळे नावापेक्षा नंबरवर भरवसा ठेवा. आणि कृपा करून, दिवाळीला देवाच्या भांड्यांबरोबर ती चांदणी चिंचेनं घासू नका, अक्षरं जातात.